सत्तेचाळीसचा आउट

होसकोट्याच्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेले ती एका तक्रारीसाठी, आणि तक्रार अगदी साधी होती. रोज दुपारी दोन पस्तीस झाले की त्यांचा हजेरीचा कॉम्प्युटर गुदमरायचा. दुसऱ्या पाळीचे कामगार गेटावर आपला टोकन नंबर दाबून आत शिरायचे, पण तो नंबर टाइम ऑफिसात पोचायचाच नाही. माणूस लेथवर उभा आणि कागदावर गैरहजर. तीन आठवडे हे चाललं होतं आणि युनियन चिडली होती.

१९९६ सालचा ऑक्टोबर होता. आमची कंपनी म्हणजे यशवंतपूरला कांद्याच्या गोदामावर भाड्याने घेतलेल्या तीन खोल्या, आठ माणसं आणि आमचे साहेब वेणुगोपाल. हजेरीचा प्रोग्राम दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका माणसाने लिहिला होता. तो आता अमेरिकेत होता, म्हणून फाईल माझ्या टेबलावर आली. मी मूळची नागपूरची, बेंगळुरूत येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. स्वभाव पहिल्यापासून संशयी. आई म्हणायची, ही स्मिता देवळातसुद्धा चपला दिसतील अशा जागी उभी राहते. या धंद्यात तो स्वभाव कामी येतो, एवढंच.

निघताना वेणुगोपालसाहेबांनी हळूच सांगितलं होतं, की आपल्या कोडात चूक आहे असं शक्यतो लिहू नकोस. कारखान्यात पोचले तर तिथले पर्सोनेल मॅनेजर रघुपती माझी वाटच बघत होते. पाणीसुद्धा विचारायच्या आधी त्यांनी बोट दाखवलं.

“मॅडम, प्रोग्राम ठीक है. आदमी ठीक नहीं है.”

आदमी म्हणजे टाइमकीपर हणमंतराव. चौतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला आठ महिने बाकी. कॉम्प्युटर येण्याआधी अख्ख्या कारखान्याची हजेरी त्यांच्या अक्षरात असायची. रघुपतींचं म्हणणं, हा माणूस रोज अडीच वाजता खुर्ची सोडून कुठेतरी जातो, दहा मिनिटांनी परत येतो, आणि नेमकं त्याच वेळात मशीन अडकतं. शनिवारी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, होती. त्याच्या आत मी रिपोर्ट द्यायचा. “आप सिर्फ लिख दीजिए. बाकी हम देख लेंगे.” बाकी म्हणजे चौकशी आणि बडतर्फी, हे मला न सांगता कळलं. आमच्या साहेबांनाही तोच माणूस सोयीचा होता. दोन्हीकडचे लोक इतक्या पटकन एकाच नावावर खापर फोडायला तयार असले, की मला त्या नावापेक्षा त्या लोकांचा जास्त संशय येतो.

टाइम ऑफिस म्हणजे एक नंबर गेटाला लागून असलेली लांबट खोली. भिंतीवर जुन्या टोकनांचा फळा, खिळ्याखिळ्याला पितळी बिल्ले. हवेत कटिंग ऑइलचा वास. कोपऱ्यात काचेच्या कपाटात आमचा कॉम्प्युटर. हणमंतराव उठून उभे राहिले. पांढरा हाफ शर्ट, कपाळावर बारीक काळी रेघ, खिशाला दोन पेनं. माझं नाव ऐकलं आणि ते चक्क मराठीत बोलले.

“बसा अक्का, स्वल्प पंख्याखाली बसा. आमच्या मराठीला हसू नका म्हंजे झालं. सात पिढ्या झाल्या इथं येऊन.”

कॅन्टीनमधून ट्रे आला. त्यात कॉफीही होती आणि ताकही. त्यांनी कॉफी माझ्याकडे सरकवली. “मला चालत नाही ती. एक घोट घेतला की रात्रभर छाती जळते. मला आपली मज्जिगे बरी.” ताक पिताना पेल्यातलं कढीपत्त्याचं पान त्यांनी बोटाने काढलं आणि पेल्याच्या काठाला बाहेरून नीट चिकटवून ठेवलं, देठ वर करून. मला असल्या गोष्टी दिसतात आणि लक्षात राहतात.

प्रोग्राम कसा चालायचा ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कारखान्याला पाच गेटं. प्रत्येक गेटावर आकडे दाबायची एक पेटी आणि प्रत्येक पेटीपासून टाइम ऑफिसात येणारी एक वायर. प्रोग्राम बहुतेक वेळ झोपलेला असायचा. झोपताना तो युनिक्सला, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रणालीला, सांगून ठेवायचा, की या पाच वायरींपैकी कुठेही काही वाचण्याजोगं आलं तर मला उठव. उठवलं की ती वायर वाचायची, टोकन लिहून घ्यायचं आणि पुन्हा झोपायचं. युनिक्स वायरींना नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखतं. शून्य, एक, दोन हे नंबर आधीच गेलेले असतात, म्हणून पहिल्या गेटाला तीन, दुसऱ्याला चार, असं करत पाचव्याला सात. आणि एखादा नंबर सुटला की नंतर जो कोणी येईल त्याला सगळ्यात लहान सुटलेला नंबर मिळतो. नंबर पडून राहत नाही.

मी या झोपण्या-उठण्यावर पाळत ठेवली. प्रोग्राम जागा झाला की किती वाजता झाला, कुठल्या नंबराने उठवलं, आणि वाचल्यावर किती अक्षरं हाती लागली, एवढं एका फाईलीत उतरवून घ्यायचं. सकाळभर सगळं ठीक होतं. तीन, चार, सहा, पुन्हा तीन. प्रत्येक वेळी पाच अक्षरं: टोकनाचे तीन आकडे, एक मोकळी जागा, आणि शेवटी आत येताना एक किंवा बाहेर जाताना दोन.

अडीच वाजता हणमंतराव उठले. ट्रेमधला कॉफीचा एक पेला उचलला, त्यावर बशी झाकली आणि बाहेर पडले. ज्याची छाती जळते तो माणूस कॉफी घेऊन कुठे निघाला? माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोन पस्तीसला पडद्यावर ओळ आली. सात. वाचायला तयार. अक्षरं शून्य. लगेच तीच ओळ पुन्हा, पुन्हा, आणि मग इतक्या वेगाने की पडदा नुसता थरथरत राहिला.

उठवलं आणि वाचायला काहीच नाही, याचा आमच्या धंद्यात एकच अर्थ होतो. पलीकडच्या टोकाला जो होता त्याने लाइन सोडली. फोन खाली ठेवावा तशी. आमच्या माणसाने या शून्याचा विचारच केला नव्हता. प्रोग्राम शून्य वाचून झोपायला जायचा, आणि लाइन सुटलेलीच असल्यामुळे युनिक्स त्याला लगेच पुन्हा उठवायचं. या धावपळीत बाकीच्या गेटांकडे बघायला त्याला फुरसत उरत नव्हती. म्हणजे चूक आमचीच होती. दहा ओळींची दुरुस्ती, चार वाजेपर्यंत झालीसुद्धा. गेटं सुरळीत चालू झाली.

पण लाइन सोडायची तर आधी ती कोणीतरी धरलेली असावी लागते. हणमंतराव परत आले तेव्हा त्यांच्या हातातला पेला रिकामा होता. मी विचारलं, पाच नंबरचं गेट कुठे आहे?

“ते बंद हाय की अक्का,” ते म्हणाले. “भिंत घातली. दोन वर्षं होत आली बघा.”

मंगळवारी अडीचला मी त्यांच्या मागोमाग गेले. लपून गेले, खोटं कशाला सांगू. फाउंड्रीच्या मागे वाळूचे ढीग होते, त्यांच्या आडून सगळं दिसत होतं. कंपाउंडच्या भिंतीत एक गेटाएवढा चौकोन विटांनी बुजवलेला, वर गिलावा नाही. समोर एक लाकडी स्टूल. हणमंतरावांनी पेला भिंतीच्या तळाशी ठेवला, बशी काढली, स्टुलावर बसले आणि घड्याळ बघितलं. मग ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, “आप्पाजी, टाइम आयतु. होरगे बा.”

तेवढं कानडी मला येत होतं. वेळ झाली, बाहेर ये.

त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मी हातांवरची नजर हलवली नाही. एकदाच, फाउंड्रीची हातगाडी मधून गेली तेवढा वेळ, ते दिसेनासे झाले. गाडी गेल्यावर त्यांनी पेला उचलला, उपडा करून झटकला आणि परत निघाले. कॉफी त्यांनी गाडीआड प्यायली असेल किंवा वाळूत ओतली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वाळू मात्र कोरडी होती.

टाइम ऑफिसात सातवर शून्य येऊन गेलेलं होतं. दोन पस्तीस.

मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, वायर दाखवा. ते काही न विचारता घेऊन गेले. पाच नंबरची वायर भिंतीपासून बरीच अलीकडे, एका खांबावर दोन पुरुष उंचीला तोडलेली होती. टोकाला गुंडाळलेली पट्टी तडकलेली, आतलं तांबं हिरवं पडलेलं, आणि त्यावर कोळ्याचं जुनं जाळं अखंड. शिडीशिवाय तिथे हात पोचला नसता, आणि जाळं तोडल्याशिवाय तर नाहीच.

“आता विचारा की,” हणमंतराव म्हणाले. “कालपासून विचारायचं हाय तुम्हाला.”

आप्पाजी फाउंड्रीतला सगळ्यात जुना कामगार. टोकन सत्तेचाळीस. दोन वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर बसवला तो आयुधपूजेच्या दिवशी, आणि पहिला पंच मानाचा म्हणून आप्पाजीच्या हातून करवला होता, पाच नंबर गेटावर. त्याने सत्तेचाळीस दाबलं, एक दाबलं, टाळ्या झाल्या. मग रिवाजाप्रमाणे सगळी यंत्रं बंद झाली, कॉम्प्युटरसुद्धा. यंत्रांना त्या दिवशी विश्रांती असते. लोक प्रसाद घेऊन घरी गेले. आप्पाजी गेला नाही. पोलीस आले, भट्ट्या उपसल्या, विहिरीत गळ टाकले. कोणी म्हणालं तो मंत्रालयाला तीर्थयात्रेला गेला, कोणी म्हणालं दुसरा संसार असेल. महिन्याभरात ते गेट बुजवलं.

“त्याचा इन पडला, आउट पडला नाही. मी टाइमकीपर. आत गेलेला माणूस बाहेर येईपर्यंत माझा दिवस संपत नाही, अक्का. निवृत्ती जवळ आली, म्हणून तीन आठवडे झाले, रोज हाक मारायला जातो. रघुपती म्हणतात हाताने आउट घाला, नंबर मोकळा करा. मी कसा घालू? मग त्याला हाक मारायला कोण जाईल?”

“आणि कॉफी?”

“त्याला कॉफी लागायची,” एवढंच म्हणाले.

त्या नावावर पगार निघत नव्हता, हजेरी लागत नव्हती. यात त्यांचा फायदा काय, हे मी दोन्ही बाजूंनी तपासून बघितलं. काहीच नव्हता. मला या माणसाची माया वाटायला लागली होती, आणि म्हणूनच मी जास्त सावध झाले.

रघुपतींनी एक जास्तीचं काम दिलं होतं. टोकनांचं वाटप कॉम्प्युटरनेच करावं, गेलेल्या माणसांचे नंबर पडून राहू नयेत. मी युनिक्सचाच नियम उचलला: नाव कमी झालेल्या माणसाचा शेवटचा आउट पडला की त्याचा नंबर सुटला, आणि सुटलेल्यांतला सगळ्यात लहान, पुढे येईल त्या माणसाला. चार ओळींत झालं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

बुधवारी मी पाच नंबरची वायर कॉम्प्युटरच्या पाठीमागून उपटून काढली आणि प्रोग्राममधून ते गेटच पुसून टाकलं. अडीचला हणमंतराव पेला घेऊन गेले. मी पडद्यासमोर बसले.

दोन पस्तीसला प्रोग्राम जागा झाला. सात.

मी ओळ दोनदा वाचली, आणि मग मला हसू आलं. गेट पुसल्यामुळे सात नंबर सुटला होता, आणि पुढे उघडलेल्या माझ्या पाळतीच्या फाईलीला तोच मिळाला होता. पाळत ठेवायच्या यादीतून सात काढायला मी विसरले होते. आमच्या धंद्यातली नेहमीची चूक. जुन्या नंबरावर नवा माणूस बसलेला असतो आणि आपण त्याला जुन्याच नावाने ओळखत राहतो.

मग हसू थांबलं. फाईल कायमच वाचायला तयार असते. ती सकाळपासून सारखी उठवत राहायला हवी होती, दोन पस्तीसला एकदाच नाही. शिवाय ती फाईल मी फक्त लिहिण्यासाठी उघडली होती. तिच्यातून काही वाचताच येत नाही. आणि ओळीत पुढे लिहिलं होतं, अक्षरं पाच.

०४७ २.

हणमंतराव आले. हातातल्या पेल्यातली कॉफी तशीच होती, वर साय धरलेली. मी त्यांना पडदा दाखवला. मला वाटलं होतं, या माणसाच्या डोळ्यांत पाणी येईल. ते खुर्चीचा दांडा धरून उभे राहिले.

“आउट पडला,” ते म्हणाले. “पण बाहेर कोण आलं, ते बघितलं का कुणी?”

संध्याकाळी ते आप्पाजीच्या घरी जाऊन आले. तिथे कोणीही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात फोन केला. एवढंच मागितलं: “ते नंबर आता रिकामं झालं. कुणाला देऊ नका, अक्का. बांधून ठेवा.”

मी हो म्हटलं, आणि केलं नाही. शुक्रवार अख्खा वेणुगोपालसाहेबांशी रिपोर्टवरून भांडण्यात गेला. पण ते कारण खरं नाही. सत्तेचाळीस देऊ नये अशी ओळ प्रोग्राममध्ये लिहायची, तर शेजारी कारण काय लिहायचं, या लाजेपोटी मी ती लिहिली नाही. सोमवारी बघू म्हटलं.

शनिवारी सकाळी मी रघुपतींच्या हातात रिपोर्ट ठेवला. दोष प्रोग्रामचा, टाइमकीपरचा नाही. त्यांनी ओठ आवळून तो वाचला, घडी केली, आणि मग त्यांचा चेहरा एकदम प्रसन्न झाला. ते मला आवडलं नाही.

कारखाना झेंडूने भरला होता. लेथला कुंकू, ट्रकच्या चाकांखाली लिंबं, गेटापाशी फोडलेल्या कोहळ्याचा लाल चिखल. कॉम्प्युटरलाही हार होता, आणि मी फ्लॉपीच्या फटीत कुंकू जाईल या काळजीत होते. सगळे कामगार टाइम ऑफिसासमोर जमल्यावर रघुपतींनी युनियनच्या लोकांदेखत हणमंतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. आजपासून स्टाफलाही टोकन. आणि पहिला पंच मानाचा, हणमंतरावांचा.

नाव कॉम्प्युटरमध्ये रघुपतींनी स्वतः घातलं. पडद्यावर नंबर आला. सत्तेचाळीस.

टाळ्या झाल्या. हणमंतरावांनी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला म्हणता आलं असतं, थांबा. तीनशे माणसं बघत होती आणि मी इंजिनिअर होते. मी हातातल्या पेढ्याकडे बघत राहिले.

“सरी, ठीक हाय,” हणमंतराव म्हणाले. त्यांनी शून्य, चार, सात दाबलं, आणि मग एक.

रघुपतींनी मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले.

लोक चुरमुऱ्यांच्या पुड्या घेऊन पांगले. हणमंतरावांनी घरून थर्मास आणला होता. अडीचला त्यांनी पेल्यात कॉफी ओतली. “स्वल्प बसा अक्का, आलोच. मग बसला सोडतो तुम्हाला.”

“आता कशाला जाता? त्याचा आउट पडला ना?”

“कोण आलं ते कळायला नको का?”

मी त्यांच्या टेबलापाशी बसले. तीन वाजले. साडेतीन वाजले. मग उठले.

स्टूल तिथेच होतं. भिंतीच्या तळाशी पेला, भरलेला, गार. भिंत तशीच होती. मी प्रत्येक विटेवर हात ठेवून बघितला, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. एक नंबर गेटाच्या वॉचमनने त्यांना बाहेर जाताना पाहिलं नव्हतं. बाकीची गेटं सकाळपासून बंद होती.

होसकोटे गावात त्यांच्या घरी दारात भागीरथीबाई उभ्या होत्या, त्यांच्या पत्नी. हातात आरतीचं तबक होतं. “मशीनची पूजा झाली का?” त्यांनी विचारलं. “हे अजून आले नाहीत.”

दसऱ्यानंतर कॉम्प्युटर चालू झाला. सात नंबर मी यादीतून केव्हाच काढला होता. दोन पस्तीसला ओळ आली. सात. वाचायला तयार. अक्षरं शून्य.

पोलीस आले आणि गेले. दोन आठवड्यांनी रघुपतींनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या मते सगळं उघड होतं. दोषी होता म्हणून पळाला. माझा पहिला रिपोर्ट मी बदलायचा, आणि सत्तेचाळीसचा आउट हाताने घालायचा. आउट पडला की फाईल बंद, नाव गुन्हेगारात, नंबर पुढच्या माणसाला. पुढचा माणूस नेमलेलाही होता, सोमवारी यायचा होता. फोनवर वेणुगोपालसाहेब म्हणाले, घालून टाक आणि परत ये.

भागीरथीबाई रोज टाइम ऑफिसात फोन करत होत्या. एकच प्रश्न विचारायच्या. आउट पडला का?

त्या दिवशी अडीचला मी कॉफीचा पेला घेऊन भिंतीपाशी गेले. स्टुलावर बसले, दहा मिनिटं बघितलं, आणि भरलेला पेला तसाच परत आणला. सायसुद्धा मोडली नव्हती. तेव्हा मला कळलं की मी चुकीचं नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रघुपती येऊन माझ्या मागेच उभे राहिले. पडद्यावर ०४७ लिहिलेलं होतं, दोन दाबायचा बाकी होता. मी म्हटलं, पाव तासात सांगते. कॅन्टीनच्या ट्रेमधून ताकाचा पेला उचलला आणि बशी झाकून निघाले.

भिंतीच्या तळाशी पेला ठेवला. बशी काढली. घड्याळ बघितलं.

होरगे बा म्हणायला तोंड उघडलं. आणि मिटलं. मागच्या वेळी हाकेला ओ देऊन बाहेर कोण आलं होतं, ते अजून कोणालाच माहीत नव्हतं.

“हणमंतराव,” मी हळूच म्हटलं. “मी आहे, स्मिता.”

फाउंड्रीची हातगाडी मधून गेली.

मी टाइम ऑफिसात परत आले आणि पेला टेबलावर ठेवला. हणमंतरावांच्या खुर्चीत बसले आणि पडद्यावरचे तिन्ही आकडे पुसून टाकले.

“मॅडम, आउट?” रघुपतींनी विचारलं.

“नहीं पडा,” मी म्हटलं.

त्यांची नजर पेल्यावर गेली. तो रिकामा होता. काठाला बाहेरून कढीपत्त्याचं एक पान चिकटवलेलं होतं, देठ वर करून. ते अजून ओलं होतं.